कोणी न लावलेली वृक्षवीथी

(मादागास्करमधील गोरखचिंचांची रांग आणि माळव्याशी असलेले तिचे नाते)

रस्त्याच्या दुतर्फा झाडे असावीत ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविल्याचे आणि आमराया करविल्याचे आवर्जून नमूद केले आहे. जपानमध्ये निक्को येथील देवस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने सतराव्या शतकात वीसएक वर्षे खपून सुगी वृक्षांची लागवड केली. ती रांग आज सुमारे ३५ किलोमीटर लांब असून तिच्यात बारा हजारांच्या आसपास जुने वृक्ष अद्याप उभे आहेत. अशा कोणत्याही वृक्षवीथीतून जाताना आपल्या मनात सहज प्रश्न येतो तो हा, की ही झाडे कोणी लावली असतील? लावणाऱ्याला स्वतःला त्यांची सावली मिळाली नसणार, या विचाराने त्याच्याविषयी आदरही वाटतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेली वृक्षवीथी या बाबतीत वेगळी आहे. मादागास्कर बेटाच्या पश्चिम भागातील बाओबाब वृक्षांची ही रांग जगभरच्या छायाचित्रांमुळे प्रसिद्ध झाली आहे. परंतु ती कोणीही लावलेली नाही. ती कशी निर्माण झाली हे समजून घेतले म्हणजे तिच्या सौंदर्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. शिवाय याच कुळातील वृक्ष आपल्या माळव्यात, दख्खनमध्ये आणि गुजरातेत कित्येक शतके उभे आहेत. मराठीत आपण त्यांना गोरखचिंच म्हणतो. मांडूला गेलेल्या प्रत्येकाने ही झाडे पाहिली आहेत, मात्र त्यांची नीट ओळख थोड्यांनाच आहे. ती करून द्यावी हा या लेखाचा हेतू आहे.

स्थान आणि दर्शन

मादागास्कर हे हिंदी महासागरातील बेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मोझांबिकच्या सामुद्रधुनीने वेगळे झालेले आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरोंदावा नावाचे बंदराचे गाव आहे. राजधानी अंतानानारिव्होपासून रस्त्याने ते सुमारे ७०० किलोमीटर पडते. हा सारा मुलूख मेनाबे या नावाने ओळखला जातो आणि एके काळी येथे साकालावा लोकांचे बलाढ्य राज्य होते. मोरोंदावाहून उत्तरेस बेलो या गावाकडे एक कच्चा, लाल मातीचा रस्ता जातो. त्या रस्त्याने तासाभराच्या आत आपण या वृक्षवीथीपाशी येऊन पोहोचतो.

वीथीची लांबी ऐकून प्रथम निराशा होण्याचा संभव आहे. ती अवघी २६० मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसालाही ती पाच मिनिटांत संपते. रस्त्याच्या कडेने वीस-पंचवीस मोठे वृक्ष आहेत आणि जवळपासच्या शेतांत व माळावर साधारण तितकेच आणखी आहेत. परंतु त्यांचा आकार असा आहे की तेथे संख्येचा विचार मनात राहत नाही. सुमारे ३० मीटर उंचीचे, करड्या-तांबूस रंगाचे, गुळगुळीत आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जवळजवळ सरळ गेलेले खोड असते. त्याला मध्ये कोठेही फांदी नसते. अगदी माथ्यावर आडव्या पसरलेल्या थोड्याशा फांद्या दिसतात. एखाद्या भग्न मंदिराचे छत नाहीसे व्हावे आणि खांब तेवढे उरावेत, तसे हे दृश्य आहे. हीच उपमा पुढे आपल्याला वेगळ्या अर्थाने उपयोगी पडणार आहे.

येथे जावयाचे तर एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सोयीचा. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, कच्चा रस्ता चिखलाचा होतो. कोरड्या काळातील बऱ्याच भागात झाडांवर पाने नसतात, परंतु त्यामुळे फांद्यांची रेखीव जाळी आकाशावर स्पष्ट दिसते. प्रवासी बहुधा सूर्यास्ताच्या वेळी गर्दी करतात, कारण मावळतीच्या प्रकाशात खोडांचा तांबूस रंग उजळतो आणि सावल्या रस्त्यावर लांबवर पडतात. पहाटेची वेळ त्याहून शांत असते. वशिंडाच्या बैलांच्या गाड्या, डोक्यावर ओझे घेतलेल्या स्त्रिया आणि शाळेला निघालेली मुले त्याच रस्त्याने जात-येत असतात. ही वीथी आजही लोकांच्या रोजच्या वाटेवर आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. येथून सुमारे सात किलोमीटरांवर एकमेकांना पीळ घालून वाढलेले बाओबाबचे एक जोडझाडही प्रवासी पाहून येतात. ते मात्र निराळ्या जातीचे आहे.

वृक्षाची ओळख

बाओबाबच्या एकंदर आठ जाती शास्त्रज्ञ मानतात. त्यांपैकी सहा जाती फक्त मादागास्करमध्ये आढळतात. एक आफ्रिका खंडात आणि एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात. या वंशाला ॲडान्सोनिया हे शास्त्रीय नाव मिळाले ते मिशेल ॲडान्सन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञावरून. अठराव्या शतकाच्या मध्यास तो सेनेगलमध्ये राहून तेथील वनस्पतींचा अभ्यास करीत होता. वीथीतील जातीचे नाव ॲडान्सोनिया ग्रँडिडिएरी असे आहे. एकोणिसाव्या शतकात मादागास्करचा विस्तृत अभ्यास करणाऱ्या आल्फ्रेद ग्रांदिदिए या प्रवाशाचे ते स्मरण होय. तेथील लोक मात्र या वृक्षाला ‘रेनाला’ म्हणतात. मालागासी भाषेत त्याचा अर्थ ‘अरण्याची आई’ असा होतो. मांडूची गोरखचिंच ही आफ्रिका खंडातील जातीची, म्हणजे ॲडान्सोनिया डिजिटाटा. तिचे खोड रेनालासारखे खांबाप्रमाणे सरळ नसते. ते बसके, फुगीर आणि ओबडधोबड असते व फांद्याही खालपासून फुटतात. दोघी एकाच कुळातल्या बहिणी, पण अंगलट वेगळी, असे म्हणावयास हरकत नाही.

बाओबाबचे खोड इतके जाड का असते, याचे उत्तर बहुतेक पुस्तकांत एका वाक्यात दिलेले असते: ते दुष्काळासाठी पाणी साठवून ठेवते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. खोडाचे लाकूड मऊ आणि सच्छिद्र असून त्यात पाण्याचा अंश फार मोठा असतो, हे खरे. परंतु मादागास्करमधील वृक्षांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की ऐन कोरड्या महिन्यांत झाड या साठ्याला फारसा हात लावीत नाही. त्या काळात ते पाने गाळून स्वस्थ उभे राहते. साठ्याचा खरा उपयोग होतो तो पाऊस सुरू होण्याच्या आधी, नवी पालवी फुटताना. त्यामुळे पहिली सर येते तेव्हा पाने तयार असतात आणि पावसाळ्याचे थोडके दिवस वाया जात नाहीत. दुसरा उपयोग आधाराचा आहे. इतके मऊ लाकूड पाण्याने भरलेले असते तोवरच ताठ राहते. पाणी कमी झाले की एवढ्या उंच खोडाला स्वतःचा भार पेलणे अवघड होते. साठा असूनही तो सहजासहजी न खर्चण्याचे कारण बहुधा हेच असावे.

फुलांचा प्रकारही असाच लक्षणीय आहे. रेनालाची पांढरी फुले ऐन कोरड्या काळात, साधारण मे ते ऑगस्ट या महिन्यांत, संध्याकाळी उमलतात. रात्री फळे खाणारी वटवाघळे आणि लहान निशाचर लेमूर मध पिण्यासाठी त्यांच्यावर येतात व त्यांच्या अंगाला लागून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. आपल्याकडील गोरखचिंचेची फुले लांब देठाला खाली लोंबतात. तीही दिवेलागणीच्या सुमारास उमलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून गळतात. मांडू पाहून दिवस मावळायच्या आत परतणाऱ्या प्रवाशाला ती उमललेली दिसत नाहीत, याचे कारण एवढेच.

आता वयाविषयी. ॲडान्सनने सेनेगलच्या वृक्षांचे वय हिशेबाने काढले ते पाच हजार वर्षांच्या वर गेले होते. मोरोंदावाच्या वीथीतील वृक्षांनाही कोणी आठशे वर्षांचे, तर कोणी अडीच-तीन हजार वर्षांचे म्हणतात. असे आकडे सावधपणेच घ्यावयास हवेत. सागाच्या किंवा देवदाराच्या खोडात जशी वर्षागणिक वलये स्पष्ट मोजता येतात, तशी बाओबाबच्या खोडात येत नाहीत. ती पुसट असतात. जुने वृक्ष आतून पोकळ असतात आणि पुष्कळदा अनेक खोडे एकत्र जुळून एक मोठा वृक्ष झालेला असतो. अलीकडच्या काळात खोडाच्या आतील भागातील लाकडाचे अगदी लहान नमुने घेऊन किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने वय ठरविण्यात येऊ लागले आहे. या पद्धतीने मादागास्करच्या नैर्ऋत्येकडील मोरोंबे भागातील काही रेनाला हजार वर्षांच्या पलीकडच्या निघाल्या. पाच हजारांचा आकडा टिकला नाही. पण हजार वर्षे हेही काही थोडे आयुष्य नव्हे.

रांग कशी झाली

हे वृक्ष रस्त्याच्या कडेला एका रांगेत कसे आले, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अवतीभवती पाहिले की मिळते. आज तेथे भातखाचरे, गवताळ माळ आणि पाणी साचलेली डबकी आहेत. पूर्वी तेथे घनदाट पानगळीचे अरण्य होते. त्या अरण्यात रेनाला इतर अनेक जातींच्या झाडांच्या गर्दीत, एकमेकींपासून अंतरावर, आपापल्या जागी वाढत होत्या. त्यांच्या पायथ्याशी झुडपे होती, बाजूला त्यांच्या निम्म्या उंचीची झाडे होती आणि रेनालाचे माथे तेवढे त्या सर्वांच्या वर डोकावत असत. ‘अरण्याची आई’ हे नाव पडले ते अशा वेळी.

पुढे शेतीसाठी, गुरांच्या चराईसाठी आणि सरपणासाठी अरण्य हळूहळू तोडले व जाळले गेले. पश्चिम मादागास्करमध्ये जंगल जाळून त्या राखेत मका पेरण्याची पद्धत आहे. तिला तेथे हात्साके म्हणतात. दोन-चार पिके घेतली की जमिनीचा कस जातो आणि शेतकरी पुढचा तुकडा जाळतो. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु दक्षिणेकडील दुष्काळी भागातून पोटासाठी स्थलांतर केलेल्या माणसापुढे दुसरा मार्ग बहुधा नसतो, हेही समजून घेतले पाहिजे.

या सगळ्या तोडीत रेनाला मात्र उरल्या. एक कारण असे, की त्यांचे लाकूड स्पंजासारखे भुसभुशीत असल्यामुळे घराच्या वाशाला चालत नाही आणि चुलीतही नीट जळत नाही. दुसरे असे, की झाड उभे राहिले तर त्याचा उपयोग होतो. फळातील आंबट गर खातात, बियांपासून तेल काढतात आणि सालीच्या वाखाचे दोर वळतात. साल काढली तरी झाड मरत नाही, ती पुन्हा भरून येते. याशिवाय पुष्कळ रेनालांच्या ठायी लोकांची श्रद्धा आहे. त्यांच्या पायथ्याशी नवस बोलले जातात, नैवेद्य ठेवला जातो. अशा रीतीने आजूबाजूचे अरण्य गेले आणि या वृक्षांपैकी जे वाटेच्या कडेने होते, ते आपल्याला रांगेत उभे असल्यासारखे दिसू लागले.

मघाशी आपण छत गेलेल्या मंदिराच्या खांबांची उपमा घेतली. ती केवळ दिसण्यापुरती नाही. ही वीथी खरोखरच एका नाहीशा झालेल्या अरण्याचा अवशेष आहे. जे मोकळे आकाश आणि जी दूरवर पडणारी सावली यांमुळे छायाचित्र सुंदर येते, ते मोकळेपण अरण्य गेल्याने आलेले आहे.

वारस नसलेले वृक्ष

अवशेष म्हटला की तो टिकेल किती, हा प्रश्न ओघाने येतो. रेनालाचे आयुष्य मोठे असल्यामुळे हा प्रश्न लवकर लक्षात येत नाही. वीथीतून हिंडताना वर पाहून सगळेच थक्क होतात. खाली पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते: या वृद्ध वृक्षांच्या भोवती त्यांची आपोआप उगवलेली मुले-नातवंडे जवळजवळ नाहीत.

याला कारणे अनेक आहेत. रेनालाचे फळ मोठे, कठीण कवचाचे असून ते आपोआप फुटत नाही. कोणीतरी मोठ्या प्राण्याने ते फोडून, खाऊन बिया दूर नेऊन टाकाव्यात अशी त्याची रचना आहे. मादागास्करमध्ये पूर्वी महाकाय लेमूर होते, शहामृगाहून मोठे असे न उडणारे हत्तीपक्षी होते आणि प्रचंड कासवे होती. माणूस या बेटावर आल्यानंतरच्या शतकांत हे सर्व प्राणी नष्ट झाले. रेनालाचे बी वाहून नेणारे त्यांच्यापैकीच कोणी असावेत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. आज तसे करणारा प्राणी आढळत नाही. त्यातूनही एखादे बी रुजलेच, तर कोवळे रोप गुरे खातात, गवताला लावलेल्या वणव्यात ते होरपळते किंवा भातखाचराच्या साचलेल्या पाण्यात कुजते. हजार वर्षांत एकदा जरी एखाद्या झाडाचे एक रोप वाढले तरी त्या झाडाची जागा भरून निघते, हा निसर्गाचा हिशेब सोपा वाटतो. पण ते एक रोपही वाढत नसेल, तर हजार वर्षांचे आयुष्यही अखेरीस संपणारच.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जाती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. जुलै २००७ मध्ये मादागास्करच्या शासनाने या वीथीला आणि भोवतालच्या क्षेत्राला संरक्षण देण्याचे पहिले पाऊल उचलले. फानांबी ही तेथील संस्था स्थानिक गावकऱ्यांच्या साहाय्याने त्या क्षेत्राची देखभाल पाहते. रोपवाटिकेत बाओबाबची रोपे तयार करून ती लावण्याचे कामही सुरू झाले. आजवर कोणीही न लावलेल्या या वीथीत यापुढे मात्र माणसाने झाडे लावल्यावाचून गत्यंतर नाही. आज लावलेले रोप खऱ्या अर्थाने मोठे होईल तेव्हा ते लावणाराच काय, त्याचे पणतू-खापरपणतूही नसतील, आणि हे ठाऊक असूनही लोक ते काम करीत आहेत.

मोठे वृक्ष सदाच टिकतात अशा भ्रमात राहू नये, याची आठवण आफ्रिकेनेही करून दिली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथील सर्वांत वृद्ध अशा १३ बाओबाबांपैकी ९ वृक्ष २००५ नंतरच्या अल्पावधीत पूर्णपणे मेले किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग कोसळला. हवामानातील बदल हे त्याचे कारण असावे असा संशोधकांचा कयास आहे. ते अद्याप निश्चितपणे सिद्ध झालेले नाही.

समुद्रापलीकडून मांडूपर्यंत

या वृक्षांचा आपल्याशी संबंध कसा आला? काही वाचकांना भूगोलाचे पाठ आठवतील. भारत आणि मादागास्कर हे एके काळी एकमेकांना जोडलेले होते व सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी ते विलग झाले. तेव्हा गोरखचिंच भारताबरोबरच इकडे वाहत आली असावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु काळाचा मेळ बसत नाही. २०२४ साली आठही जातींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाओबाबचा उगम मादागास्करमध्येच सुमारे दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वी झाला, आणि तेथून समुद्रप्रवाहांबरोबर वाहत जाऊन तो आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे पोहोचला असावा. म्हणजे भारत दूर गेल्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी हा वृक्ष जन्मास आला.

आपल्याकडे तो आला तो माणसाच्या हाताने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतातील गोरखचिंचांच्या जनुकांची तुलना आफ्रिकेतील वृक्षांशी करण्यात आली. आपल्याकडील झाडे एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आलेली नसून निरनिराळ्या काळी आलेली आहेत आणि त्यांचे नाते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी जुळते, असे तीत दिसून आले. त्या किनाऱ्यावरून गुजरातेत व कोकणात गलबते शतकानुशतके ये-जा करीत होती. त्यांतून व्यापारी आले, तसेच सैनिक व गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही आले. यांनाच आपण हबशी किंवा सिद्दी म्हणतो. बाओबाबचा सुका गर टिकाऊ आणि लांबच्या प्रवासात उपयोगी असतो, आणि त्या गरातच बी असते. हे फळ त्यांच्या शिदोरीत असणे अगदी संभवनीय आहे.

माळव्याच्या सुलतानांची राजधानी असलेल्या मांडूत हबशांचा वावर होता, असे इतिहासकार सांगतात. ग्यासुद्दीन खलजीच्या पदरी हबशी स्त्रियांचे एक रक्षकदल असल्याची हकिकत फेरिश्ताने दिली आहे. मांडूला हे बी इजिप्तच्या खलिफाकडून भेट म्हणून आले, अशीही एक आख्यायिका सांगतात. माळव्यात या फळाला ‘खुरासानी इमली’ म्हणतात, पण खुरासानच्या थंडीत हे झाड वाढत नाही. पश्चिमेकडून आलेली परकी वस्तू एवढाच त्या नावाचा अर्थ घ्यावा. आपले मराठी नाव गोरखनाथांची आठवण ठेवणारे आहे. परक्या वृक्षाला नाथपंथी सत्पुरुषाचे नाव देऊन आपल्या लोकांनी त्याला घरचा केला. आणि ज्या चिंचेशी त्याची तुलना केली, ती आपली नेहमीची चिंचही मूळची आफ्रिकेतलीच, ही गंमत येथे नोंदवावीशी वाटते.

आपल्याकडील वृक्ष

इंदूरहून मांडू शंभर किलोमीटरांच्या आत-बाहेर आहे. आपल्या शाळेच्या सहली तेथे जात आल्या आहेत आणि जहाजमहाल व रूपमतीचा महाल यांच्या आठवणी माजी विद्यार्थ्यांपाशी असतीलच. रस्त्याकडेला टोपलीत ठेवलेली, मखमली लव असलेली हिरवट-तपकिरी फळेही त्यांनी पाहिली असतील, आणि विकत घेऊन तो पांढरा, आंबट गर चाखलाही असेल. ज्या झाडांची ती फळे, त्यांच्याकडे मात्र वाड्यांइतक्या निरखून कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

माळव्याबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही ही झाडे दूर नाहीत. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात सुमारे २७ मीटर घेराचा एक पोकळ वृक्ष आहे. ‘हत्तियान का झाड’ या नावाने तो ओळखला जातो. बडोद्याजवळ पादरा तालुक्यात गणपतपुरा येथे एक मोठा वृक्ष आहे. विजापुरात काही आहेत, तर हावेरी जिल्ह्यातील सावनूर येथे एकाच आवारात तीन होते. त्यांपैकी एक २०२३ च्या पावसाळ्यात उन्मळून पडला असता तो टाकून न देता पुन्हा उभा करून रोवण्यात आला. प्रयागराजजवळ झूसी येथील वृक्षाचे वय कार्बनच्या पद्धतीने काढले असता ते साडेसातशे वर्षांच्या आसपास निघाले. म्हणजे मांडूत सुलतानांचे राज्य स्थापन होण्यापूर्वीच हा वृक्ष गंगाकाठी उभा होता.

या झाडांना धोका नाही असे समजू नये. २०२२ साली धार जिल्ह्यातील काही जुन्या गोरखचिंचा मुळांसह उपटून हैदराबादकडील एका खासगी उद्यानात नेण्यात येऊ लागल्या. गावकऱ्यांनी त्यास विरोध केला आणि हे प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेले. मोठे झाड उचलून नेणे यंत्रांमुळे शक्य झाले आहे. परंतु ज्या मातीत ते पाचशे वर्षे उभे होते ती माती, त्यावर येणारी वटवाघळे आणि त्याची फळे वेचणारी भिल्ल कुटुंबे त्याच्याबरोबर जात नाहीत.

मोरोंदावाच्या वीथीत जे घडले तेच आपल्याकडे घडत आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. पुढील वेळी मांडूला जाल तेव्हा मोठ्या गोरखचिंचेजवळ तिचे कोवळे रोप दिसते का, ते शोधावे. यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. मोठ्या झाडाचे पान हाताच्या पंज्यासारखे पाच-सात पर्णिकांचे असते. लहान रोपाचे पान मात्र साधे, एकेरी असते. त्याचे खोडही बारीकच असते. त्यामुळे हे रोप गोरखचिंचेचे आहे हे माहीतगाराशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही आणि तण समजून ते सहज उपटले जाते. आपल्या मुलांना मोठ्या झाडाबरोबरच हे लहान पानही ओळखावयास शिकविले, तर काही रोपे तरी वाचतील.

लागवडही अवघड नाही. बियांचे कवच टणक असल्यामुळे त्या जरा घासून किंवा गरम पाण्यात घालून भिजत ठेवाव्या लागतात. रोप लावल्यावर पहिली काही वर्षे गुरांपासून व आगीपासून त्याला जपावे लागते. पहिले फूल येण्यास दहा-वीस वर्षेही लागू शकतात. भरपूर मोकळी जागा मात्र हवी. भिंतीपाशी किंवा विजेच्या तारांखाली हे झाड लावणे म्हणजे पुढच्या पिढीला ते तोडण्यास भाग पाडणे होय.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांना वृक्षाची उपमा देण्याची प्रथा जुनी आहे. आपल्या समारंभांतून ती वारंवार ऐकू येते आणि ऐकताना बरेही वाटते. मोरोंदावाची रांग पाहिल्यानंतर त्या उपमेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी, असे वाटते. जुने वृक्ष डौलाने उभे आहेत म्हणून अरण्य सुखरूप आहे असे होत नाही; त्यासाठी पायथ्याशी रोपे आहेत की नाहीत हे पाहावे लागते. शाळेच्या पहिलीच्या वर्गात या वर्षी किती मुले बसली, हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांनी शताब्दीच्या आणि सुवर्णमहोत्सवाच्या आठवणींइतक्याच आस्थेने विचारला पाहिजे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या पिढीने आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी लावलेल्या रोपांच्या सावलीतच आपण आज बसलो आहोत.

येत्या पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या मागील मोकळ्या मैदानाच्या कडेला गोरखचिंचेची दोन-चार रोपे लावावीत आणि त्यांची राखण एकेका वर्गाकडे सोपवावी, अशी सूचना या निमित्ताने करतो. ती मोठी झालेली आपल्यापैकी कोणी पाहणार नाही. तथापि त्यांचे साधे, एकेरी पान बदलून त्याला पाच बोटे फुटलेली मात्र आज पहिलीत असलेली मुले शाळा सोडण्यापूर्वी पाहतील, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.